स्वभाव मोजायचाय? करा खूण, पण जपून!

२०१६ साली राज्यातल्या दहावीच्या मुलांपुढे एक वेगळीच परीक्षा आली. तिला पुस्तक नव्हतं, गाइड नव्हतं आणि नापास होण्याची भीतीही नव्हती. तिचं नाव 'कल चाचणी'. राज्य सरकारने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने ती घेतली. सुरुवातीला मुलं संगणकापुढे बसली, पुढे दोन-तीन वर्षांत तीच चाचणी मोबाइल अ‍ॅपवर आली. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या दहावीच्या वर्गांनीही ती दिली. निकालात टक्के नव्हते. सात क्षेत्रांपैकी तुमचा ओढा कुठे, एवढंच त्यात सांगितलेलं असे. कृषी, कला आणि मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य आणि जीवविज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा ही ती सात क्षेत्रं. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं या भागात गावोगाव दिसतात, त्यामुळे सातवं क्षेत्र इथे कुणाला समजावून सांगावं लागलं नसणार.

कल चाचणी आवड विचारत होती. तुम्ही माणूस म्हणून कसे आहात, हे विचारणाऱ्या प्रश्नावल्या वेगळ्या. मानसशास्त्रज्ञ त्यांना व्यक्तिमत्त्व चाचण्या म्हणतात. दवाखान्यात, भरतीत, समुपदेशनात, संशोधनात त्या शंभर वर्षांहून जास्त काळ वापरल्या जात आहेत. त्यांच्या जन्माच्या आणि वापराच्या गोष्टी फार मजेदार आहेत, आणि त्यातल्या काही थेट आपल्या दाराशी येऊन थांबतात.

युद्ध संपलं, मग प्रश्नावली आली

पहिली गाजलेली व्यक्तिमत्त्व प्रश्नावली सैन्यासाठी तयार झाली. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तोफांच्या माऱ्यात खंदकातले जवान थरथर कापू लागत, बोलेनासे होत. असे जवान आधीच ओळखता येतील का, असा प्रश्न सैन्याला पडला. रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने ११६ प्रश्नांची यादी केली. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. झोप, भीती, थकवा, वाईट स्वप्नं असे साधे प्रश्न. यादी पुरती तयार होईपर्यंत युद्धच संपलं! पण कल्पना टिकली. हजार माणसांना एकेकटं भेटायला महिने लागतात, हजार कागद एका दिवसात भरून होतात. नंतरच्या बहुतेक प्रश्नावल्या याच कल्पनेवर उभ्या राहिल्या.

'प्रमाणित' म्हणजे काय?

भात मोजायला एका घरची पायली मोठी आणि दुसऱ्या घरची लहान असली, तर खळ्यावर भांडणं ठरलेली. प्रमाणित चाचणीत सगळ्यांना एकच पायली लागते. प्रश्न तेच, सूचना त्याच, गुण देण्याची रीत तीच. त्यावर आणखी एक गोष्ट लागते, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. आधी पुष्कळ लोकांना ती चाचणी देऊन त्यांचे गुण नोंदवून ठेवलेले असतात. त्यांना मानकं म्हणतात. तुमचे २३ गुण आले, तर नुसत्या २३ ला काही अर्थ नाही. त्या लोकांच्या तुलनेत २३ जास्त की कमी, यावर सगळं अवलंबून. मग 'ते लोक' कोण होते? पुढची गोष्ट त्यांचीच.

मिनेसोटाचे गावकरी आणि आपला दवाखाना

जगात सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या वैद्यकीय व्यक्तिमत्त्व चाचणीचं नाव एमएमपीआय. स्टार्क हॅथवे हे मानसशास्त्रज्ञ आणि जे. सी. मॅकिन्ली हे डॉक्टर, दोघेही अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले. १९४३ मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. साडेपाचशे विधानं, प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक'.

त्यांची युक्ती वेगळी होती. विधान वाचायला किती शहाणपणाचं वाटतं, याकडे त्यांनी पाहिलंच नाही. एखाद्या आजाराचे रुग्ण त्या विधानाला एक उत्तर देतात आणि बाकीची माणसं दुसरं देतात का, एवढंच पाहिलं. फरक पडला तर विधान ठेवलं, नाही पडला तर काढून टाकलं. त्यामुळे काही विधानांचा आजाराशी काय संबंध, हे वाचून कुणालाच कळत नाही, पण ती काम करतात.

तुलनेसाठी रुग्ण नसलेली माणसं हवी होती. ती शोधायला दोघे लांब गेले नाहीत. विद्यापीठाच्या रुग्णालयात आपल्या माणसाला भेटायला आलेले नातेवाईक आणि मित्र त्यांनी गाठले. अशी ७२४ माणसं जमली. या गटातला सरासरी माणूस पस्तिशीचा, लग्न झालेला, खेड्यात किंवा लहान गावात राहणारा, आठवीपर्यंत शिकलेला आणि हाताला काहीतरी कसब असलेला होता. अमेरिकेच्या मानसशास्त्राने अनेक वर्षं ज्यांना 'सर्वसाधारण' मानलं, ते हेच गावकरी.

हे वाचताना शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. तिथल्या बाकावर बसलेली माणसंही अशीच असतात. डबा घेऊन आलेला मेहुणा, रात्रभर जागलेली आत्या, केस पेपरसाठी रांगेत उभा राहिलेला चुलता. गाव, वय, शिक्षण सगळं जुळेल. तरीही मिनेसोटाच्या त्या माणसांच्या सरासरीवर यांना तोलणं बरोबर नाही. ते जवळपास सगळे गोरे होते, एकाच राज्यातले होते आणि काळ वेगळा होता. अमेरिकेलाही हे पुढे पटलं. १९८९ साली सात राज्यांतल्या २,६०० माणसांवर नवी मानकं बसवली गेली आणि विधानं ५६७ झाली. २०२० च्या आवृत्तीत ती ३३५ वर आली.

रुमालाचा खेळ आणि मामाचं पत्र

जुन्या एमएमपीआयमध्ये काही विधानं अशी होती की आपल्याकडचा माणूस गोंधळूनच जाईल. लिंकन मोठा की वॉशिंग्टन, यावर एक. 'ॲलिस इन वंडरलंड' आवडलं होतं का, यावर एक. आणि लहानपणी गोलात बसून पाठीमागे रुमाल टाकायचा खेळ आवडायचा का, यावर एक! हा खेळ मात्र आपल्याला पक्का ठाऊक आहे. 'मामाचं पत्र हरवलं' दुसरं काय असतं? पण ॲलिस आणि लिंकन यांचं काय करायचं?

म्हणूनच चाचणी दुसऱ्या भाषेत नेणं हे फार चिकाटीचं काम असतं. एक जण मूळ प्रश्न मराठीत आणतो. मूळ न पाहिलेला दुसरा माणूस तो मराठी प्रश्न परत इंग्रजीत नेतो. दोन्ही इंग्रजी प्रश्न शेजारी ठेवून पाहतात. अर्थ सरकला असेल तर पुन्हा सुरुवात. शब्द जुळले तरी काम संपत नाही. 'तुम्हाला पार्ट्यांना जायला आवडतं का?' या प्रश्नातून माणसांत मिसळण्याची हौस मोजायची असते. टोकावडे गावातल्या आजोबांना पार्टी म्हटली की निवडणूक आठवेल. त्यांना विचारायचं तर हळदीचा कार्यक्रम किंवा पौषातली म्हसा गावची यात्रा विचारावी लागेल. आणि विचारल्यावर पुन्हा शेकडो जणांना तो प्रश्न देऊन पाहावा लागेल, कारण यात्रेला गुरं विकायला जाणारा आणि मजेला जाणारा दोघेही 'हो' म्हणतील.

मराठीत हे काम खरोखर झालेलं आहे. 'निओ' नावाची २४० विधानांची एक चाचणी माणसाचे पाच मोठे स्वभावगुण मोजते. चिंता करण्याची प्रवृत्ती, लोकांत मिसळण्याची हौस, नव्याची ओढ, जुळवून घेणं आणि कामातली शिस्त. पी. एच. लोधी, सविता देव आणि विवेक बेल्हेकर या मानसशास्त्रज्ञांनी ती मराठीत वापरली. त्यांचा लेख २००२ मध्ये जगभरातल्या अशा कामांच्या एका ग्रंथात आला. त्याच ग्रंथातल्या ३६ संस्कृतींच्या तुलनेत भारतातून दोन भाषा होत्या, मराठी आणि तेलुगू. हे काम फार थोड्या मराठी वाचकांपर्यंत पोचलं आहे. ते शाळा-कॉलेजांत शिकवलं जायला हवं.

पाच गुण जगभर सारखेच? जंगलातून आलेलं उत्तर

पुण्या-मुंबईत आणि न्यूयॉर्कमध्ये पाच गुण सापडले, म्हणजे ते सगळ्या मानवजातीचे, असं बरेच दिवस मानलं जात होतं. मग काही अमेरिकी संशोधक बोलिव्हियाच्या जंगलातल्या चिमाने लोकांकडे गेले. शेती, शिकार, मासेमारी यांवर जगणारा हा समाज, आणि त्यातल्या पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ६३२ जणांना त्यांच्या भाषेत तोंडी प्रश्न विचारले. २०१३ साली निष्कर्ष आला. पाच गुणांचे पाच वेगळे गट जमलेच नाहीत! त्यांच्याकडे दोनच ठळक गोष्टी दिसल्या. माणूस इतरांच्या उपयोगी किती पडतो आणि माणूस कष्टाळू किती.

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात कातकरी, वारली, ठाकूर, महादेव कोळी वस्त्या आहेत. भात लावणी, मासे, रानभाज्या, वीटभट्टीवरचं स्थलांतर यांवर वर्ष चालतं. अशा वस्तीत शेजारच्या माणसाला पारखायचं म्हटलं, तर लोक बहुधा हेच दोन गुण पाहतील. कामाला येतो का? अडीअडचणीला धावतो का? मला चिमाने लोकांचा हा अभ्यास या सगळ्या विषयातला सगळ्यात मोलाचा वाटतो. शहरातल्या विद्यार्थ्यांवर बसवलेली प्रश्नावली आश्रमशाळेतल्या मुलापुढे ठेवून 'हा मुलगा नव्याला घाबरतो' असं लिहिण्याआधी तो वाचायलाच हवा. कातकरी मुलाच्या घरातली बोली शाळेतल्या मराठीपेक्षा वेगळी असते. प्रश्न समजायला वेळ लागला, म्हणून मूल बुजरं ठरत नाही.

खोटं बोललात? कागदाला कळतं

'मी कधीच चिडत नाही.' 'मी आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही.' अशा विधानांना सगळीकडे 'बरोबर' म्हणणारा माणूस एक तर संत असतो किंवा स्वतःला चांगलं दाखवत असतो. एमएमपीआयमध्ये अशी १५ विधानं पेरलेली आहेत. त्यांचे गुण वाढले की मानसशास्त्रज्ञ बाकीच्या उत्तरांकडे जपून पाहतो. आणखी ३० विधानं अशी आहेत, ज्यांवरून माणूस जरा सावरून, हातचं राखून बोलतोय का, ते कळतं. शिवाय एकाच आशयाची विधानं वेगवेगळ्या जागी येतात. इथे 'हो' आणि तिथे 'नाही' आलं, की कागद न वाचता खुणा केल्या असं समजतं. क्राउन आणि मार्लो या दोघांनी तर १९६० साली निव्वळ 'लोकांना बरं वाटेल असं बोलण्याची सवय' मोजायला ३३ विधानांची वेगळी चाचणी केली.

अमेरिकेत कंपन्या नोकरीसाठी या चाचण्या सरसकट वापरू लागल्या, तेव्हा विल्यम व्हाइट या पत्रकाराने १९५६ च्या आपल्या पुस्तकात एक परिशिष्टच जोडलं. विषय होता, व्यक्तिमत्त्व चाचणीत फसवणूक कशी करावी! कंपन्यांनी माणसाच्या मनात इतकं डोकावू नये, हे त्याला ठासून सांगायचं होतं.

गावात मात्र उत्तर बदलायला एक साधं कारण पुरतं. शेजारी कोण बसलंय? सासूसमोर सून 'मला रडू येतं' म्हणणार नाही. गुरुजींसमोर मुलगा 'मला शाळा आवडत नाही' म्हणणार नाही. चाचणी घ्यायची तर दार लोटून, एकट्याने, आणि उत्तरं कुणाला दाखवली जाणार नाहीत हे आधी सांगून. हा नियम कुठल्याही भारी चाचणीपेक्षा मोठा आहे.

सगळ्यांना लागू पडणारं भविष्य

१९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. किती जुळतं, ते पाचपैकी गुण देऊन सांगा, असं विचारलं. सरासरी आली ४.२६! मग कळलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं आणि त्यातली बरीचशी वाक्यं एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. 'बाहेरून शांत दिसता, पण आतून काळजी करता' हे कुणाला लागू पडत नाही? व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'तुमचा आवडता रंग सांगा, तुमचा स्वभाव ओळखा' या प्रकारची सगळी जादू इथेच आहे.

चार अक्षरांची माय-लेक

नोकरीच्या प्रशिक्षणांत 'एमबीटीआय' हे नाव हमखास ऐकू येतं. १६ प्रकारची माणसं, प्रत्येकाला चार अक्षरांची ओळख. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी ती बनवली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगचं पुस्तक वाचून त्या भारावल्या आणि कामाला लागल्या. १९६२ मध्ये चाचणी छापून आली. गप्पांना ती छान आहे, पण काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांची अक्षरं बदलतात. तिच्यावर कुणाची नोकरी किंवा शाखा ठरू नये.

शब्दकोशात माणसं

माणसाचे जे गुण महत्त्वाचे, त्यांना भाषेत शब्द असणारच, असा विचार करून ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश चाळला आणि १७,९५३ शब्द काढले. त्यातले ४,५०४ टिकाऊ स्वभावाचे. रेमंड कॅटेलने त्यांना चाळत चाळत १६ गुणांवर आणलं आणि १९४९ ला '१६ पीएफ' ही चाचणी केली. मराठीत असा शोध घ्यायला काय हरकत आहे? खमक्या, भिडस्त, घुम्या, लाघवी, हेकट, तोंडाळ, आतल्या गाठीचा... ही यादी संपता संपणार नाही.

या चाचण्यांच्या फार आधीचं एक मराठी उदाहरणही आहे. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'तल्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं, उत्तम माणसाची लक्षणं, पढतमूर्खाची लक्षणं अशा याद्या आहेत. रज, तम आणि सत्त्व या तीन गुणांवर वेगळे समास आहेत. वाचता वाचता माणूस मनातल्या मनात स्वतःपुढे खुणा करतोच. सत्त्व-रज-तम मोजणाऱ्या आधुनिक प्रश्नावल्याही निघाल्या. डेव्हिड वुल्फ या अमेरिकी संशोधकाने नव्वदीच्या दशकात केलेल्या अशा एका प्रश्नावलीत ५६ विधानं आहेत.

कामत सरांचं काम

व्यक्तिमत्त्वाआधी बुद्धी मोजण्याचं काम मराठीत झालं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. तिचं पहिलं रूप १९३४ चं. 'बिने-कामत' हे नाव आजही बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीत ऐकू येतं. सीमाभागातल्या दोन भाषांसाठी एका माणसाने केलेलं ते काम अजून वापरात आहे, याचा अभिमान वाटायला हवा. काळजीही वाटायला हवी, कारण नव्वद वर्षांत मुलं बदलली, शाळा बदलल्या आणि चाचणीची मानकंही बदलायला हवीत.

पुण्यात मानसशास्त्रात डॉक्टरेट असलेले आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, तीही मुलांच्या क्षमता चाचण्यांनी ओळखण्याच्या ध्यासातून. मुंबईत १९४७ मध्येच पारशी पंचायतीने व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र उघडलं होतं. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था उभी केली. तिचा 'वेध' हा करिअर मार्गदर्शनाचा उपक्रम पुढे कितीतरी गावांत गेला.

कसारा घाट आणि ४२ चा आकडा

चाचणीचे गुण बहुधा 'टी-स्कोअर'मध्ये सांगतात. सरासरी ५० आणि बहुतेक माणसं ४० ते ६० मध्ये. एमएमपीआयमध्ये ६५ च्या वर गेलं की मानसशास्त्रज्ञ थांबून पाहतो. आसनगाव-कसारा पट्ट्यातल्या तरुणांना हा टी-स्कोअर वेगळ्या वाटेने भेटतो. रेल्वेत सहाय्यक लोको पायलट व्हायचं तर संगणकावर अभिक्षमता चाचणी असते, आणि तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर लागतो. कुठल्याही प्रवर्गाला सूट नाही. ही चाचणी स्वभाव विचारत नाही. स्मरण, एकाग्रता, अंतराचा अंदाज अशा गोष्टी मोजते. कसारा घाटात ३७ ला १ असा चढ आहे, गाड्यांना ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात. तिथे इंजिनात बसणाऱ्याचं लक्ष किती टिकतं, हे मोजणं योग्यच आहे.

सैन्यात अधिकारी व्हायचं तर स्वभावाच्या चाचणीत पर्यायच नसतात. पडद्यावर चित्र दाखवतात आणि गोष्ट लिहायला सांगतात. अशी १२ चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं! मग ६० शब्द, एकेका शब्दाला १५ सेकंद. तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचं.

आशाताईंचे दोन प्रश्न

शहापूर-मुरबाडमध्ये आज सगळ्यात जास्त माणसांपर्यंत पोचणारी मनाची प्रश्नावली कुठल्याही मानसशास्त्रज्ञाच्या हातात नाही. ती आशाताईंच्या हातात आहे. तिशीपुढच्या माणसांसाठी त्या जो 'सीबॅक' फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, रक्तदाब यांच्यासोबत मनाचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का? उदास, हताश वाटतंय का? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज ३ च्या पुढे गेली, तर आरोग्य केंद्रात पाठवायचं.

हा फरक नीट ध्यानात घ्यावा. हे दोन प्रश्न स्वभाव सांगत नाहीत, मागच्या पंधरवड्याचं मन सांगतात. स्वभाव वर्षानुवर्षांचा असतो. उदासीनता हा आजार आहे आणि तो बरा होतो. 'ती आहेच तशी रडकी' असं घरात म्हटलं जातं, तेव्हा आजारावर स्वभावाचा शिक्का बसतो आणि उपचार राहून जातो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?

एमएमपीआय समजायला साधारण सहावी ते आठवीपर्यंतचं वाचन लागतं. म्हणून तिची आवाजात ऐकवायची आवृत्तीही आहे. आपल्याकडचंच उदाहरण पाहा. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर या शिक्षकांनी 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. ज्या वयात बाकीच्यांना नव्या गोष्टीचा कंटाळा येतो, त्या वयात या बायका पहिली अक्षरं शिकल्या. 'नव्याची ओढ' हा गुण मोजणारी छापील प्रश्नावली त्यांना शाळा सुरू होण्याआधी दिली असती, तर त्यांना ती वाचताच आली नसती आणि गुण शून्य आला असता. अशा माणसांची चाचणी तोंडी, त्यांच्या बोलीत आणि घाई न करता घ्यायला हवी.

'सांगता येत नाही'ची गंमत

'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच पायऱ्यांची उत्तरं रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये रूढ केली. मधल्या पायरीवर पुष्कळ जण मुक्काम करतात. काहींना खरंच ठरवता येत नाही, काहींना बोलायचं नसतं, काहींना प्रश्न कळलेला नसतो. तिन्ही उत्तरांना कागदावर एकच खूण. ती खूण कुठल्या कारणाने झाली, हे समोर बसलेल्या माणसालाच विचारून कळतं.

मग मानसशास्त्रज्ञ नक्की काय करतो?

चाचणीचा कागद शेवटी येतो. आधी प्रश्न ठरतो. कोणी पाठवलं, कशासाठी, काय जाणून घ्यायचं? मग माणसाशी सविस्तर बोलणं. बालपण, घर, झोप, भूक, व्यसन, काम, दुखणी. घरच्यांशी वेगळं बोलणं. माणूस बसतो कसा, बोलतो कसा हे पाहणं. त्यानंतर गरज असेल ती चाचणी, आणि तीही एकच नाही. सगळं जुळवून मत बनतं. चाचणीत ६८ आले आणि मुलाखतीत काहीच दिसलं नाही, तर चांगला मानसशास्त्रज्ञ आकड्यावर विश्वास ठेवून निदान करत नाही. तो पुन्हा विचारतो. प्रश्नावली फक्त सांगते की इथे बघा. निदान माणूस करतो.

आपल्या देशात १९९२ च्या कायद्याप्रमाणे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्या नोंदणीचा क्रमांक मागण्यात काहीही उद्धटपणा नाही.

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती. शाळेत, क्लासमध्ये किंवा मोबाइलवर मुलापुढे कुणी स्वभावाची चाचणी ठेवली, तर तीन गोष्टी विचारा. ही कोणत्या मुलांवर बसवलेली आहे? मराठी भाषांतर तपासलेलं आहे का? निकाल समजावून सांगायला शिकलेला माणूस बसणार आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर मुलाला बिनधास्त देऊ द्या, तो स्वतःविषयी काहीतरी नवं शिकेल. नाही मिळाली तर त्या निकालावर त्याची शाखा, त्याचं कॉलेज ठरवू नका. आणि चाचणी असो वा नसो, घरात कुणाचं मन पंधरा दिवसांहून जास्त काळ थकलेलं दिसलं, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो दिवसरात्र चालू आहे, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.